उलटं नेसलेलं लुगडं

रविवार, सकाळचे साडेदहा. माणिकपूर, स्टेशनकडून येणारा रस्ता, साड्यांच्या नव्या दुकानाच्या दारातला बाक. फीत बांधून झालीय, ताटात कात्री आहे, नगरसेवक अजून यायचेत. — हं, अशी सुरू करतात बातमी, मॅडम. आधी वेळ, मग जागा, मग काय घडलं ते. विशेषणं घालायची नाहीत. तुम्ही आत्ता विचारलंत ना, 'आपण नेमके कोण?' — तर मी व्हॅलेरियन, वटारचा. तीस वर्षं वार्ताहर होतो, आता निवृत्त, म्हणजे पगार थांबला, सवय थांबली नाही. नाही, नाही, उठू नका. उद्घाटनाला वेळेवर आलेला नगरसेवक मी अजून पाहिलेला नाही, आणि आत एसी चालू व्हायचाय, तो बघा मेकॅनिक शिडीवर चढलाय. इथे सावली तरी आहे. चहा सांगतो. अहो घ्या, इथला चांगला असतो, रिक्षावाल्यांसाठी करतात तो. व्हिव्हियन, दोन सांग रे! एक बिनसाखरेचा. — हो, तुम्ही बिनसाखरेचा घेता ते माहीत आहे मला. कसं ते सांगतो.

आधी वर बघा. दुकानाच्या पाटीवर नको, तिच्याही वर. होर्डिंग. काय दिसतं? म्हातारी बाई दिसते, दोन मजले उंच. लाल चौकड्यांचं लुगडं, डोक्यावरून पदर, नजर खाली. आणि खाली सोनेरी अक्षरांत — 'वसईची नवरी. जुन्या पेटीतलं नवं वैभव.' बरोबर वाचलं ना मी? गालांवर कॉम्प्युटरवर लाली फिरवलीय. म्हातारीला लाली! नवरी म्हणायचं तर लाली हवीच. पण का हो, सत्तरी उलटलेली नवरी कशी, असं एवढ्या मोठ्या कंपनीत कोणाला वाटलं नाही? — 'प्रतीकात्मक.' हां. हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. फोटो चुकला की आमच्याकडेही खाली हाच शब्द टाकायचे.

आता तिच्या लुगड्याचा काठ बघा. दिसतोय? झिपऱ्या झिपऱ्या, दोरे सुटल्यासारखा. तुमच्या कॅटलॉगात त्याला काय म्हटलंय, पाठ आहे मला — 'किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या फेसावरून सुचलेली झालर.' लाटांचा फेस! ते लुगडं कुठल्या तरी घाटावरच्या मागावर विणलेलं, विणणाऱ्यानं जन्मात समुद्र पाहिला असेल की नाही कोण जाणे. तो फेस नाही, मॅडम, झालर नाही. ती काठाची मागची बाजू आहे. तुम्ही कापडाचा इतिहास शिकवता, कॉलेजात विभागप्रमुख आहात, तुम्हाला मी काय सांगावं — काठावर नक्षी उठवायची तर जादा दोरा घालावा लागतो, समोरून बारीक फूल दिसतं आणि मागून तोच दोरा नुसता धावत असतो, लोंबत असतो. चौकडी दोन्हीकडून सारखीच. म्हणजे लुगडं सुलट आहे की उलट, हे कळतं फक्त काठावरून. मग ही बाई लुगडं उलटं का नेसलीय? घाईत होती? वेडी आहे? नाही. आमच्या आळीत घरातलं माणूस गेलं की घरची बाई लुगडं उलटं नेसते. महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत. नक्षी आत, दोरे बाहेर. बस, एवढंच. काळे कपडे आमच्याकडे फार उशिरा आले, शहरातून आले. रस्त्यानं बाई येताना दिसली की आधी काठ बघायचा, दोरे दिसले की बाजूला व्हायचं, थट्टा करायची नाही, भाजीचा भाव विचारायचा नाही. कोणी कोणाला काही सांगावं लागत नाही. — आळीबाहेर हे फारसं कोणाला ठाऊक नाही, मान्य. पण ठाऊक नसणं वेगळं आणि दोन मजली करून टांगणं वेगळं.

आणि आत ज्या साड्यांवरचा पडदा तुम्ही आता बाजूला करणार, त्यांच्या काठावर तेच दोरे आहेत. विणलेलेसुद्धा नाहीत हो — छापलेत! लोंबणाऱ्या दोऱ्यांचं चित्र छापलंय. शोक छापलाय आणि लग्नाला विकताय. घ्या, चहा आला. हा व्हिव्हियन, इथल्याच स्टँडवर रिक्षा लावतो, आमच्याच बाजूचा. होर्डिंग चढलं त्या दिवशी यानंच फोन केला, 'अंकल, लवकर या, ह्यांनी मयताची वरात काढलीय.' हसत होता. हसेल नाही तर काय करेल? मी धावत आलो, बघितलं, घरी जाऊन बातमी लिहिली. चांगली लिहिली, विशेषण एक नाही. माझ्याच जुन्या पेपरला पाठवली. संपादक नवा पोरगा, नम्र आहे, म्हणाला, 'सर, ती पार्टी आपल्याला पानभर जाहिरात देते.' म्हटलं, मग वाचकांच्या पत्रात छाप. छापली. अर्धी कापून छापली, आणि पत्र ओकंबोकं दिसू नये म्हणून बाजूला फोटो टाकला. कुठला? हाच. खाली ओळ — 'वसईची नवरी.' माझ्या नावाच्या बरोब्बर वर! आता बोला. दोन दिवस लोक मला विचारत होते, काका, जाहिरातीत कधीपासून काम करायला लागलात?

हसा, हसा, मलाही हसू आलं होतं. पण मला यात नवं काही नाही, फोटो काय करतो ते मी पाहिलंय. पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावाचा फोटो आमच्या डेस्कनं एकदा रायगडातल्या कुठल्याशा बंदराचा म्हणून पहिल्या पानावर छापला. दुसऱ्या दिवशी कोळणी थेट ऑफिसात. पुढची कमरेवर हात ठेवून म्हणते, 'काय रं, आमचं बंदर उचलून नेलं ते परत कवा आनून ठेवतंस?' आम्ही खुलासा दिला. आतल्या पानावर, चार ओळी. कोणी वाचला? कोणीच नाही. पुढे एका पर्यटनाच्या पत्रकावर तोच फोटो, त्याच चुकीच्या नावानं. पाचूबंदरच्या बायका अजून त्यात लिलाव पुकारतायत, दुसऱ्याच्या गावात. फोटोखालची ओळ एकदा चिकटली की माणसानं स्वतः येऊन 'मी ती नाही' म्हटलं तरी लोक आधी फोटो बघतात आणि मग त्याच्याकडे संशयानं बघतात.

हे तुम्हीच शिकवता ना? 'चित्र आधी डोळ्यात शिरतं, अर्थ मागून येतो, आणि मागून आलेल्याला बसायला जागा मिळत नाही.' — दचकलात? तुमचंच वाक्य. टिफनी म्हणून दाखवते, चष्मा असा कपाळावर चढवून. बिनसाखरेचा चहाही तिनंच सांगितला. टिफनी, शेवटच्या वर्षाची, वटारहून येते ती. हो, तीच. जीव आहे हो तिचा तुमच्यावर. पहिल्या वर्षी घरी आली की संपदा मॅडम असं म्हणाल्या, संपदा मॅडम तसं म्हणाल्या, आम्हाला जेवू देत नव्हती. छिटांचा इतिहास काय, पैठणीचा काय, कुठल्या राणीच्या चित्रामुळे कुठली शाल सगळीकडे गेली ते काय — मी म्हटलं, अगं बाई, तुझ्या आजीच्या पेटीत एक लुगडं आहे, त्याचं कोणी काही लिहिलंय का? नव्हतं लिहिलं. मग तिनं तोच विषय घेतला. प्रबंध लिहिला. तुम्ही वाचलात. त्यात हाच फोटो आहे, आणि खाली तिनं लिहिलं — शोककाळात उलट नेसलेलं लुगडं, वटार. आणि तुम्ही समासात काय लिहिलंत? 'प्रकाशित संदर्भाशी विसंगत. नवरीचा पेहराव अशी दुरुस्ती करावी.' प्रकाशित संदर्भ कोणता? या कंपनीचा कॅटलॉग. त्या कॅटलॉगाची प्रस्तावना कोणाची? — सांगा ना. — बरं, मी सांगतो. तुमची. म्हणजे आरोपी तुम्ही, साक्षीदार तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्हीच, मग त्या पोरीनं उभं राहायचं कुठे?

नाही, थांबा, माझं झालेलं नाही. आवाज चढला, माफ करा, लोक बघतायत. बघू देत. 'पुरावा लागतो, काका' म्हणता? लागतो ना! कोण नाही म्हणतंय? माझं आयुष्य पुरावे मागण्यात गेलं. पण पुरावा जिवंत आहे, मॅडम. वटारला या, ही वरची बाई ओट्यावर वाल सोलत बसलेली असते, दोन गोष्टी जास्तच सांगेल. टिफनीनं तिचं बोलणं रेकॉर्ड करून जोडलं, तुम्ही शेरा मारलात 'मौखिक, असमर्थित.' तिच्या अंगावरचं लुगडं तिनं का उलटं नेसलं, याला समर्थन कोणाचं आणायचं? कंपनीचं? आय खोटं बोलेल का हो? त्या दिवशी आयला उभं राहवत नव्हतं तरी तिनं —

हं. निघालं तोंडातून. — हो. माझी आई आहे ती. वरची. दोन मजल्यांची. आणि टिफनी माझी पुतणी. बातमीदाराचं नातं असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं असतं, मी मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, पत्रकार म्हणून बोललो तर बसाल पाच मिनिटं. मुलगा म्हणून आलो तर म्हणाल, भावनेच्या भरात आहे बिचारा, आणि आत जाऊन बसाल. — नका मान हलवू, असंच म्हणाला असतात. मीही म्हटलं असतं.

मार्सेल माझा धाकटा भाऊ. टिफनीचा बाप. केळीच्या वाडीत पंप चालू करायला गेला, वायर उघडी होती. संपलं. बातमी करायची झाली तर दोन ओळींची. मयत ओट्यावर आणून ठेवलं, फादर यायचे होते, आळी जमलेली, आणि आय उठून आतल्या खोलीत गेली. आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेली. तिनं पेटी उघडली, हेच लुगडं काढलं, उलटं करून नेसायला लागली. एकटीच. हात चालत होते तिचे, डोकं कुठे होतं देव जाणे. टिफनी दारात उभी होती, हातात फोन, मामाला लावायचा होता तो लागत नव्हता. आयनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'काढ फोटो. काठाचा काढ. तू कापडाचं शिकते ना? मी गेली का मंग असं नेसनारी कोन रवनार नाय.' बापाचं मयत बाहेर आणि पोरगी आत आजीचा फोटो काढतेय, कारण आजीनंच सांगितलं. दारातूनच काढला तिनं, म्हणून मूळ फोटोत एका बाजूला दार आलंय. वर बघा, दार कापलं. दाराच्या जागी केळीची पानं लावलीत. लग्न आहे ना. केळीची पानं!

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, जाहिरात आहे, महिन्याभरात उतरेल. उतरेल हो. पण काय झालंय ते ऐका. कॅटलॉग आल्यानंतर आमच्या आळीत एक मयत झालं. गेलेल्याची बायको, तिनं रीतीनं लुगडं उलटं नेसलं, दारात बसली. विरारहून एक पाहुणी आली, शिकलेली, चांगल्या नोकरीतली, वाईट नाही हो बाई. शेजारी बसली, हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि मग काठाला बोट लावून हळूच विचारते, 'ही त्या नवरी कलेक्शनमधली ना? किती सुंदर! कुठे मिळाली?' ती विधवा उठली. आत गेली. बाहेर आली ती लुगडं सुलट नेसून. नवरा बाहेर ठेवलेला आणि ही नक्षी समोर करून बसली, कारण लोक चुकीचं समजतात! आता आळीतल्या बायका म्हणतात, नको बाई उलटं नेसायला, शोरूममधून आल्यासारखं दिसतं. कोणी बंदी घातली नाही, कोणी मोर्चा काढला नाही, एका फोटोनं काम झालं. हे तुमच्या वर्गात शिकवा. वर्षभर पुरेल.

आणि बुधवारी मी आयला इथे आणलं. डोळे दाखवायला, मोतीबिंदू आहे. व्हिव्हियनला सांगितलं होतं, मागच्या रस्त्यानं घे. तिकडे गटारासाठी खणून ठेवलंय, यावं लागलं इकडून, आणि सिग्नलही नाही काही नाही, नेमकी याच चौकात गाडी अडली. आयनं रिक्षातून मान बाहेर काढली. बघत राहिली. मला वाटलं, दिसत नाही तिला, बरंच आहे. मग म्हणाली, 'लगीन कोनाचं हाय?' मी तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारले, मंत्र्यांना विचारले, बिल्डरांना विचारले, आणि आता आय मला विचारत होती. म्हटलं, 'जाहिरात आहे, आय.' रिक्षा हलली तेव्हा तिनं माझी बाही धरली. 'पन मी उलटं नेसलीय. त्यांना सांग ना, मी उलटं नेसलीय.' — तर तेवढंच सांगायला आलोय. तिनं सांगितलं म्हणून. सांगितलं.

नाही, टिफनीला माहीत नाही मी इथे आहे. तिला कळू देऊ नका, शपथ घातलीय तिनं, मॅडमना भेटायचं नाही म्हणून. कॉलेजात नाही आलो मी, शब्द पाळलाय. हे माणिकपूर आहे, इथे मी भाजी घ्यायलाही येतो. तिचं काय ठरलंय माहितेय? ती ओळ बदलतेय. उद्या तोंडी परीक्षा, दुरुस्ती नसेल तर बसू देणार नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना. गुरुवारी म्हणाली, 'काका, एक तर ओळ आहे. आजीला कुठे वाचता येतं?' मी ओरडलो. इतका ओरडलो की शेजारचे आले. म्हटलं, तुझ्या बापाच्या मयताला तू लग्न म्हणणार? तर रडली नाही, काही नाही, शांतपणे म्हणाली, 'पप्पा असते तर म्हणाले असते, आधी पास हो.' आणि खरंय ते. मार्सेल तसंच म्हणाला असता. व्यवहारी होता. मी एकटाच मूर्ख घरात. तेव्हापासून बोलत नाही ती माझ्याशी. स्टेशनला सोडतो म्हटलं तर व्हिव्हियनच्या रिक्षानं जाते.

होर्डिंग उतरवा म्हणत नाही मी. साड्या परत घ्या म्हणत नाही. कंपनीशी भांडायला माझ्याकडे वकील नाही, पेपर नाही, ताकद तर नाहीच. तुमच्या हातात एक ओळ आहे. तिची ओळ तिनं लिहिली तशी राहू द्या. तुमच्या प्रस्तावनेत चूक झाली म्हणायचं नसेल तर नका म्हणू, मतभेद म्हणा, पर्यायी मत म्हणा, तुमच्याकडे शब्द काय कमी आहेत? पोरगी उद्या तुमच्यासमोर उभी राहील, समोर हाच फोटो लावलेला असेल, आणि तिला तोंडानं म्हणावं लागेल, 'ही नवरी.' तुम्ही ऐकू शकाल ते? — आत्ता सगळं कळल्यावर? — 'बघते.' बघते म्हणजे काय, मॅडम? हे उत्तर मी नोंदवून घेत नसे कधी. बघते म्हणजे नाही. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, त्याचाही मान ठेवतो मी.

आली गाडी. दोन गाड्या आहेत, म्हणजे फोटोग्राफरही आणलाय. फुलं लागली तुमच्या हातात द्यायला. जा. चहाचं राहू दे, ते माझ्याकडे. जा ना, लोक थांबलेत, मी अडवत नाही. मी इथेच बसतो, बाक सार्वजनिक आहे. — एवढंच ऐकून जा, जाता जाता, उभ्या उभ्या. हा फोटो टिफनीनं कोणाला पाठवला नव्हता. फोनवर नाही, कुठे टाकला नाही. कॅटलॉग यायच्या आधी एकदाच घराबाहेर गेला, तुमच्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात, मोठा करून, भिंतीवर. खाली ओळ नव्हती, तेव्हा तिला लिहवली नाही. पाहुणे म्हणून ही कंपनीची माणसं होती. प्रदर्शन संपल्यावर हॉलला कुलूप लागलं, किल्ली विभागप्रमुखांकडे असते असं शिपाई सांगतो. सोमवारी हॉल उघडला तेव्हा बाकी सगळ्या मुलांना आपापलं काम परत मिळालं. टिफनीचा फोटो भिंतीवर नव्हता. तो अजून परत आलेला नाही.